डबा गेटवर का अडवायचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत थीम पार्कचा बेत ठरतो तेव्हा तिकिटावर घरात भरपूर खल होतो. शनिवार-रविवारचा दर जास्त, मधल्या वारी कमी, आधी काढलं तर सवलत, धाकट्याची उंची किती आणि त्याचं तिकीट अर्धं की पूर्ण, हे सगळं बघून होतं. खाण्याचा आकडा मात्र कुणाच्या हिशेबात नसतो, कारण तो बहुतेक ठिकाणी आधी वाचायलाच मिळत नाही. संकेतस्थळावर आतल्या हॉटेलांची नावं असतात, फोटो असतात. ताट कितीला आणि पाण्याची बाटली कितीला, हे आत पाऊल टाकल्यावर कळतं. तोवर गेटवर पिशवी तपासून घरचा डबा बाहेर काढून ठेवलेला असतो.

‘बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई’ ही अट आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या नियमांत आहे. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी सोडतात. ही अट गेली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्कमध्ये माणूस सकाळी साडेदहा-अकराला शिरतो आणि संध्याकाळी सहा-सातला बाहेर पडतो. एवढ्या वेळात जेवणाची वेळ येऊन जाते, मुलांना दोनदा मधली भूक लागते, तहान तर सतत लागते. एकदा बाहेर पडलं की बहुतेक ठिकाणी त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही. अशा जागी खाणं ही हौस राहत नाही, आणि गरजेच्या वस्तूचा एकच विक्रेता ठेवला की दर त्याच्या मर्जीने ठरतो.

दर ठिकाणागणिक बदलतात, म्हणून नमुन्यादाखल हिशेब करू. आईवडील आणि दोन मुलं. दुपारचं जेवण माणशी ४०० रुपये धरलं तर १६००. संध्याकाळचं खाणं माणशी १५० धरून ६००. चहा, सरबत, थंड पेय माणशी ८० धरून ३२०. आता पाणी. मे महिन्यात उन्हात रांगा लावत आठ तास काढायचे तर मोठ्या माणसाला अडीच-तीन लिटर आणि मुलाला दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. चौघांचे झाले दहा लिटर. लिटरची बाटली ५० रुपयांना असेल तर ५०० रुपये नुसत्या पाण्याचे. बेरीज ३०२०, आणि खाण्यावरचा ५ टक्के जीएसटी वेगळा लावत असतील तर ३१५० च्या घरात. म्हणजे आणखी एक-दोन तिकिटं काढल्यासारखंच झालं. घरून न्यायचं म्हटलं तर हेच पोटभर खाणं तीन-चारशे रुपयांत होतं.

मालकांची बाजू खोटी आहे असं नाही. पार्कचं स्वयंपाकघर शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत फुटून वाहतं, इतर दिवशी रिकामं असतं. पगार मात्र महिनाभर द्यावे लागतात. किती माणसं येतील याचा अंदाज चुकला की शिजवलेलं टाकावं लागतं. पाऊस लांबला, परीक्षा पुढे गेल्या की गर्दी आटते. बाजारातल्या हॉटेलपेक्षा इथला दर दीडपट असेल तर ते समजण्यासारखं आहे. माझा आक्षेप दरावर कमी आणि सक्तीवर जास्त आहे. महाग विकायची मुभा मालकाला जरूर असावी. दुसरा पर्याय बंद करायची मुभा असू नये.

यावर पार्कवाल्यांचं नेहमीचं उत्तर असं, की खाण्यातून मिळतं म्हणून तिकीट परवडणाऱ्या दरात ठेवता येतं. डबे सोडले तर तिकीट वाढवावं लागेल. हा युक्तिवाद नीट तपासला तर उलटा पडतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आत खाईल, त्याच्या ताटातून मिळालेल्या नफ्यावर तिकीट स्वस्त राहील आणि ज्याची ऐपत बेताची आहे तो स्वस्त तिकिटात आत येऊन आपला डबा खाईल, हे गणित डबा आत सोडला तरच जुळतं. डबा अडवल्यावर बेताच्या ऐपतीच्या माणसालाच तिकिटाबाहेरचा भार जास्त जाणवतो, कारण त्याच्या बजेटमध्ये तीन हजार रुपये फार मोठे असतात. आणि खरोखरच तिकीट शंभर रुपयांनी वाढणार असेल तर वाढू दे. तो आकडा घरून निघण्याआधी दिसतो, त्यावर विचार करता येतो, नको असेल तर दुसरीकडे जाता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल लावलेला आहे, असं आता सर्रास सांगितलं जातं. ३ जानेवारी २०२३ चा तो निकाल चित्रपटगृहांबद्दल होता. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रेक्षकांना बाहेरचं खाणं नेऊ द्या असा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. जिलबी खाऊन कुणी चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचा खर्च कोण देणार, हा सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा प्रश्न तेव्हा गाजला होता. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, मालक अटी घालू शकतो, प्रेक्षकावर आतलं खाणं विकत घेण्याची सक्ती नाही, हा निकालाचा गाभा. पिण्याचं पाणी मोफत मिळतं आणि तान्ह्या मुलांचं खाणं नेऊ देतात, याचीही नोंद त्यात घेतली गेली.

पण सिनेमा अडीच-तीन तासांचा असतो. न खाता तेवढा वेळ कुणीही काढू शकतो, म्हणून ‘सक्ती नाही’ हे वाक्य तिथे खरं ठरतं. आठ तासांच्या पार्कात, उन्हात, लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना ते खरं राहत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतल्यावर ठरल्या वेळी खावंच लागतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन कुटुंबाला किंवा चतुर्थीचा उपास असलेल्या बाईला आत काय मिळेल याचा भरवसा नसतो. दुसरं असं, की नियमांत तरतूद नसताना उच्च न्यायालयाने ती आपणहून घालणं सर्वोच्च न्यायालयाला मान्य नव्हतं. सरकारने रीतसर नियम करायला त्या निकालाने बंदी घातलेली नाही. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळी अधिवेशनात मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेता येईल अशी घोषणा झाली होती. पुढे मुंबई उच्च न्यायालयात सरकारनेच हात आखडता घेतला. राहून गेलं ते इच्छेअभावी.

चीनमध्ये हा प्रश्न कसा सुटला ते बघण्यासारखं आहे. शांघायचं डिस्नेलँड जून २०१६ मध्ये सुरू झालं. २०१७ च्या अखेरीस तिथे बाहेरच्या खाण्यावर बंदी आली. २०१९ च्या जानेवारीत कायद्याचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी खाऊ घेऊन गेली. गेटवर तिची पिशवी तपासली आणि खाऊ आत नेऊ दिला नाही. तिने पार्कवर दावा लावला. मागणी दोनच गोष्टींची होती: हा नियम बेकायदा ठरवा, आणि खाऊचे वाया गेलेले ४६ युआन भरून द्या. हा चाळीस-पन्नास युआनचा दावा देशभर चर्चेचा झाला, कारण तिचा मुद्दा कुणालाही पटण्यासारखा होता: याच कंपनीच्या अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या पार्कांत लोक खाणं घेऊन जातात, मग आम्हालाच का नाही? सप्टेंबर २०१९ मध्ये पार्कने नियम बदलला. गरम करावं लागेल असं आणि उग्र वासाचं सोडून स्वतःपुरतं खाणं आत नेता येऊ लागलं. न्यायालयातल्या मध्यस्थीत त्या विद्यार्थिनीला ५० युआन मिळाले आणि प्रकरण मिटलं. डबे आत गेले म्हणून शांघायचं डिस्नेलँड बंद पडलं नाही, आतली हॉटेलंही ओस पडली नाहीत.

तोक्योच्या डिस्नेलँडमध्ये बंदी अजून आहे, पण तिथे प्रवेशद्वाराबाहेर बसून डबा खायला वेगळी जागा ठेवली आहे, आणि हातावर शिक्का मारून घेतला की बाहेर येऊन परत आत जाता येतं. बंदी ठेवायचीच असेल तर निदान एवढं तरी करता येतं, हे त्यावरून दिसतं.

डबा सोडायचा म्हणजे वाट्टेल ते सोडायचं असं नाही, हे ऑर्लँडोत जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांना सांगावं लागत नाही. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये खाणं-पाणी आत नेता येतं. काचेची भांडी चालत नाहीत, फक्त बाळाच्या खाण्याच्या लहान बरण्या चालतात. दारू चालत नाही. सुटा बर्फ आणि ड्राय आइस चालत नाही. थंड ठेवायचं तर जेलचे पॅक ठेवायचे. कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच, याहून मोठा नको. गरम करावं लागेल असं किंवा उग्र वासाचं खाणं नको, म्हणजे लसणाची चटणी न्यायची तर घट्ट झाकणाच्या डबीत. शेजारच्या युनिव्हर्सलचे नियम जास्त कडक आहेत: दोन लिटरपर्यंतची पाण्याची बाटली, किरकोळ खाऊ, गरम करावं न लागणारं खाणं, आणि साडेआठ बाय सहा बाय सहा इंचांची मऊ पिशवी. टणक कूलर गेटवरूनच परत पाठवतात. एका दिवशी डिस्ने आणि दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सल असा बेत असणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. कालची पेटी आज चालत नाही.

तिथे खर्च कुठे वाढतो तेही सांगतो. काउंटरवर घेतलेलं मोठ्या माणसाचं एक जेवण साधारण १३ ते १८ डॉलरचं असतं, वर साडेसहा टक्के विक्रीकर. टेबलावर बसून जेवायचं तर टीप आली. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टीप बिलातच लागून येते. मेनूवर ३० डॉलरचा दिसलेला पदार्थ कर आणि टीप धरून ३७ च्या पुढे जातो. भारतातून गेलेल्या आई-वडिलांसह सहा जणांचं कुटुंब असेल तर हा फरक एका जेवणाला ४०-४५ डॉलरचा होतो. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल तिथे मोठ्यांत धरतात. पण काउंटरवर मुलांचं जेवण मोठ्या माणसानेही मागितलं तरी देतात, आणि कमी खाणाऱ्या आजींना ते पुरतं. जिथे नळाची थंड पेयं मिळतात त्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. फक्त तसं मागावं लागतं. बाटलीबंद पाणी विकत घ्यायची वेळच येत नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ‘डायनिंग प्लॅन’ आग्रहाने सुचवला जातो. २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यातल्या साध्या प्लॅनचा दर मोठ्या माणसाला एका रात्रीमागे ५७ डॉलर होता. त्यात काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा पेला. ५७ डॉलर वसूल व्हायचे तर रोज दोन्ही वेळा मेनूतला वरच्या दराचा पदार्थ पेयासह घ्यायला हवा. शाकाहारी माणूस बहुधा चीज पिझ्झा किंवा भाज्यांच्या बाउलवर येतो, आणि ते पदार्थ स्वस्तातले असतात. शिवाय प्लॅन एकट्या-दुकट्याला घेता येत नाही, खोलीतल्या सगळ्यांना आणि सगळ्या रात्रींसाठी घ्यावा लागतो. कमी खाणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने यात पडू नये. ऑर्लँडोजवळच्या किसिमीकडे स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं, ऑर्लँडोतल्या पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानातून सामान आणावं, सकाळी पोटभर खाऊन निघावं, आत एकच जेवण विकत घ्यावं. हे सगळं तिथे शक्य होतं, कारण गेटवर डबा अडवत नाहीत.

आता आपल्याकडच्या शंका घेऊ. पहिली शंका कचऱ्याची, आणि ती खरी आहे. सहलीच्या जागी आपण काय करून ठेवतो ते सगळ्यांना दिसतं. पण कचरा पार्कमधल्या कागदी ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले आणि चिप्सच्या पाकिटांचाही होतोच. खाण्यासाठी जागा नेमून दिली, तिथे कचऱ्यासाठी झाकणाचे डबे ठेवले आणि त्या जागेबाहेर खाणाऱ्याला दंड लावला तर प्रश्न आटोक्यात राहतो. वॉटर पार्कमध्ये तलावाजवळ काहीही खाऊ न देणं योग्यच आहे. तो नियम आतल्या वड्यालाही लागू हवा. दुसरी शंका दारूची. ती पिशवी तपासूनच थांबवायची असते, आणि पिशव्या आजही तपासतातच. तिसरी शंका विषबाधेची: घरचं आंबलेलं खाऊन कुणी आजारी पडलं तर बोल पार्कला लागेल. यावर उपाय शांघाय-ऑर्लँडोसारखा, कोरड्या आणि गरम न कराव्या लागणाऱ्या खाण्यालाच परवानगी.

थीम पार्कसारख्या मोठ्या प्रकल्पांना राज्याच्या पर्यटन धोरणाखाली सवलती मिळतात. ज्याला जनतेच्या तिजोरीतून सवलत मिळते त्याला जनतेच्या सोयीची अट घालता येते. अट साधी असावी: माणशी एक डबा, कोरडं खाणं, काच-दारू-सुरी नको, बसायला सावली, ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ, आणि तिकीट काढण्याच्या पानावरच आतल्या सगळ्या खाण्याचे दर. यातलं दर जाहीर करणं आणि पाण्याचे नळ तर उद्यापासून व्हायला हवेत. त्यासाठी धोरण बदलायची वाट बघायचं कारण नाही. दुसरा रस्ता कायद्याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि करारातली ग्राहकाला जाचक ठरणारी अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला कलम ४९ ने दिला आहे. तिकिटामागे बारीक अक्षरांत छापलेली अट हाही करारच. एखाद्या ग्राहक संघटनेने असं एक प्रकरण नेटाने लढवावं, शांघायच्या त्या मुलीसारखं.

तोवर सहली थांबणार नाहीत, तेव्हा डबा नीट कसा न्यायचा ते बघू. आत नेता आला नाही तरी पार्किंगमध्ये आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर तो खाता येतो, आणि एवढ्यानेही निम्मा खर्च वाचतो. खाणं बिघडण्याचं कारण ओलावा आणि उष्णता. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. ओलसर शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की एका तासापेक्षा जास्त नको. म्हणून बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, पनीर, दहीभात, पुलाव हे घरीच राहू द्यावं. भाताचं विशेष सांगायला हवं. त्यातल्या बॅसिलस सीरियस जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तसाच राहिला की ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बंद गाडीत डबा ठेवायचा तर उन्हात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार चढतं. तिथे फक्त कोरडा खाऊ टिकतो.

उत्तम टिकते ती दशमी. अर्धा किलो कणीक, दोन मोठे चमचे तेलाचं मोहन, चवीला मीठ आणि साधारण ३०० मिली दूध. पाण्याचा थेंब नको. पीठ पोळीपेक्षा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावं. मध्यम जाडीच्या १८ दशम्या होतात. मंद आचेवर, तूप सोडून, दोन्ही बाजूंनी खमंग भाजाव्यात. कच्चट राहिलेली दशमी दुपारपर्यंत वास मारते. चूक होते ती पुढे. घाईत गरम दशम्या फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात दाबतात, वाफ आत कोंडते, पाणी सुटतं आणि दुपारी मधल्या दशम्या चिकट निघतात. त्या जाळीवर किंवा सुती कापडावर अर्धा-पाऊण तास पूर्ण गार करून कोरड्या फडक्यात बांधाव्यात. मोठ्यांना चार, मुलांना दोन-तीन धरल्या तरी परतीच्या वाटेसाठी चार उरतात. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी शंभर ग्रॅम पुरे. तिखटमिठाच्या पुऱ्या, पातळ पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की हेही चांगलं; चॉकलेट वितळतं, केळी पिशवीत काळी पडून चेंगरतात. काकडी अख्खी न्यावी, चिरलेल्या काकडीला पाणी सुटतं. दोन लहान डबे करावेत, एक सकाळचा आणि एक नंतरचा. एकच मोठा डबा चार वेळा ओल्या हाताने उघडला की उरलेलं सगळं खराब होतं. कोकमाचं आगळ लहान प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतलं तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे आगळ आणि चवीपुरती साखर घालून घाम गाळलेल्या मुलांना देता येतं. आगळात मीठ असतं, वेगळं घालू नये.

वेळ साधणं हा खर्च कमी करण्याचा दुसरा मार्ग. पार्किंगमध्ये साडेनऊ-दहाला दशमी-चटणीचा भक्कम नाश्ता झाला की दुपारचं जेवण तीनपर्यंत सहज लांबवता येतं. पाऊण ते अडीच ही काउंटरवरची सर्वांत गर्दीची वेळ. तेव्हा रांगेत अर्धा तास जातो, भुकेली मुलं हाताशी येईल ते मागतात आणि आईबाप देऊन मोकळे होतात. तीनला एकदाच जेवलं की संध्याकाळचं खाणं बाहेर पडल्यावर गाडीत होतं. जेवण झाल्यावर गरगर फिरणाऱ्या राइडवर पाऊण तास तरी बसू नये, नाहीतर जेवण आणि राइड दोन्ही वाया जातात. अमर्याद बुफे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला परवडतो, सहा वर्षांच्या मुलीला नाही. मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, हे आधी विचारावं. तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन मिळतं तेव्हा ते कोणत्या काउंटरवर, किती वाजेपर्यंत चालतं आणि वापरलं नाही तर पैसे परत मिळतात का, हे वाचावं. काही ठिकाणी मनगटावरच्या पट्ट्यात किंवा कार्डात पैसे भरायला लावतात. त्यात थोडे थोडे भरावेत. उरलेले परत घ्यायची रांग संध्याकाळी निघण्याच्या वेळीच लागते, आणि थकलेली मुलं बरोबर असली की शे-दोनशे रुपये लोक तसेच सोडून देतात.

बिल हातात आलं की दोन ओळी बघाव्यात. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढून टाका म्हटलं की काढावं लागतं. पाकीटबंद वस्तूंचं थोडं गुंतागुंतीचं आहे. एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. बसवून, वाढून देणाऱ्या हॉटेलला बाटलीबंद पाण्यासाठी एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. पण राइडजवळच्या टपरीवरून सीलबंद बाटली नुसती हातात ठेवणं याला सेवा म्हणता येईल, असं मला वाटत नाही. अशा वेळी बिल मागून घ्यावं, छापील किमतीचा फोटो काढावा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करावी. बिल नसेल तर तक्रारीला काही आधार राहत नाही, म्हणून दहा रुपयांच्या खरेदीचंही मागावं.

एका कुटुंबाने गेटवर वाद घातला तर मुलांचा हिरमोड होतो आणि रखवालदाराच्या हातात काही नसतं. चाळीस-पन्नास माणसांचं बुकिंग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गृहनिर्माण सोसायटी, ऑफिस, महिला मंडळ, शाळेचा पालक गट यांना पार्कचा विक्री विभाग स्वतःहून फोन करतो, दरात सूट देतो. सूट घेताना आणखी पन्नास रुपये कमी करा म्हणण्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: माणशी एक कोरडा डबा आत नेऊ द्या, पिण्याचं पाणी मोफत कुठे मिळेल ते सांगा, आणि आतल्या खाण्याचं दरपत्रक पाठवा. हे फोनवर न ठेवता ईमेलवर लेखी घ्यावं, त्याची छापील प्रत सहलीच्या दिवशी बसमध्ये ठेवावी, आणि नकार आला तर तोही लेखीच मागावा. राज्य आयोगापुढे प्रकरण उभं करायचं तर असा लेखी नकार उपयोगी पडेल.